लांबचं दाखवायचे रविवार

मंगळवार, ३ सप्टेंबर

आजपासून लिहायचं ठरवलं, कारण बोलायला कुणी नाही. ड्रायव्हरसाहेब मालगाडी घेऊन गेलेत ते परवा उगवतील. दुकानाच्या मालकांना ऐकू कमी येतं. त्यांना मनातलं सांगायचं म्हणजे अख्ख्या गल्लीला सांगावं लागेल.

तर परिस्थिती अशी. लग्नाला तीन महिने झाले. मी चाळिशीला टेकलेली, चष्म्यांच्या दुकानात सतरा वर्षं लोकांचे डोळे तपासत बसलेली बाई. नवरा मालगाडीचा ड्रायव्हर, पदरात दोन मुलं. मुलांची आई चार वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून मुलं आजीकडे, म्हणजे आईच्या आईकडे वाढली. जूनमध्ये शाळा बदलून इथे आली. धाकटा पाच वर्षांचा, ढब्बू. त्याने तिसऱ्या दिवशी मला आई म्हणून टाकलं आणि वर दूध मागितलं. थोरली आठ वर्षांची. तिला तिचे बाबा 'सरकार' म्हणतात, कारण घरात शेवटचा शब्द तिचा. सरकार मला काहीच म्हणत नाही. 'ऐका ना' अशी सुरुवात करते आणि कामाचं तेवढं बोलते.

काल आजींचा फोन आला. "तुमच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही हो," त्या म्हणाल्या. "पण पोर फोनवर धड बोलत नाही. मी बारा ऑक्टोबरला येते आणि तिलाच विचारते. इथे राहायचं म्हणाली तर राहू दे. माझ्याकडे यायचं म्हणाली तर दोघांना घेऊन जाते, भावंडं वेगळी करायची नाहीत." हे म्हणाले, बरोबर आहे, तिच्या मनाविरुद्ध नको. मीही बरोबर आहे म्हटलं. मग मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

माझ्या हातात पाच रविवार आहेत. रविवारी दुकान बंद असतं आणि यांची गाडी हमखास चालू असते, म्हणजे मी आणि मुलं. घरात तिघं तीन कोपऱ्यांत बसतो. बाहेर काढावं म्हणते. या थंड डोंगराळ मुलखात आता उन्हाळा संपलाय, हवा हलकी झालीय, गिऱ्हाइकं सांगतात की तळ्यावर पक्षी उतरायला लागले. मी स्वतः यातलं काही पाहिलेलं नाही. सतरा वर्षं मी पडदे ओढलेल्या खोलीत दुसऱ्यांना विचारत आलेय, आता दिसतंय का, आता?

रविवार, ८ सप्टेंबर

काय पाहिलं आज! हात अजून गार आहेत तरी आधी लिहून टाकते.

सकाळी सहाची बस धरून तळ्यावर गेलो. पोचलो तेव्हा नुसतं धुकं. पाणी कुठे संपतं आणि आकाश कुठे सुरू होतं ते कळेना. मला वाटलं, झाला पोपट, पहिलाच रविवार पाण्यात. मग ऊन आलं आणि धुकं कुणीतरी चादर ओढावी तसं एका बाजूने सरकत गेलं, आणि खाली सगळं तळं पक्ष्यांनी भरलेलं. शेकडो, हजारो असतील. कसलाही आवाज नाही. आणि मग काय झालं देव जाणे, सगळेच्या सगळे एकदम उठले. तो पंखांचा आवाज छातीत लागतो. माझं तोंड उघडंच राहिलं. ढब्बू माझ्या पायाला मिठी मारून "अजून! अजून!" ओरडत होता, जणू मीच त्यांना उडवलं होतं.

आणि सरकार? सरकार उकिडवी बसून गवताच्या पात्यावरचा थेंब बघत होती. नाक जवळजवळ टेकवून.

"अगं, वर बघ ना! दिसले का?"

तिने मान वर केली. डोळे बारीक करून, कपाळाला आठ्या घालून माझ्या बोटाच्या दिशेने बघितलं. असं बघते ती माझ्याकडेही, मी तिचं काही चोरलं असल्यासारखी.

"हो. दिसले."

"किती असतील?"

"बरेच," म्हणाली आणि परत गवतात.

एवढं आभाळ फाटून पक्षी उठले आणि पोरीने ढुंकून पाहिलं नाही. मी दाखवलं म्हणून नसेल बघितलं. आजींनी दाखवलं असतं तर बघितलं असतं.

बुधवार, ११ सप्टेंबर

शाळा सुटली की मुलं दुकानात येतात. ढब्बू मालकांच्या टेबलाखाली गाड्या चालवतो. सरकारला माझी तपासणीची खोली आवडते. ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून गृहपाठ करते, अगदी वहीवर ओणवी होऊन. मी शंभरदा सांगते, पाठ सरळ ठेव. गिऱ्हाइकं खुर्चीत बसून समोरच्या भिंतीवरचा तक्ता वाचत असतात, मोठ्या अक्षरापासून बारीकपर्यंत, आणि ही ऐकत असते.

आज जेवताना बाबांना सांगत होती, "आज एक आजोबा आलेले. एवढे मोठे, तरी पाठ करून आले नव्हते. तिसऱ्या ओळीलाच अडकले. मग काय, मिळाला चष्मा."

आम्ही दोघं पोट धरून हसलो. पोरीला विनोदाचं अंग आहे. ती मात्र हसली नाही, आम्हा दोघांकडे बघत राहिली.

हा तक्त्याचा नाद तिला मीच लावला असेल. जुलैमध्ये एकदा दुकान बंद करताना गंमत म्हणून तिला त्या खुर्चीत बसवलं होतं. पहिल्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत फडाफडा म्हटलं पोरीने, एक अक्षर चुकली नाही. शाबास म्हटलं तर हसली माझ्याकडे बघून. माझ्या खाती तेवढं एकच हसू जमा आहे.

रविवार, १५ सप्टेंबर

सफरचंदाची बाग. पैसे भरायचे, टोपली घ्यायची आणि आपल्या हाताने तोडायची. मला वाटायचं सफरचंदं खोक्यात येतात. झाडावर बघितली आणि येडी झाले. एकेका फांदीला इतकी की फांदी वाकून टेकू लावलेला. खालून वर बघितलं की हिरव्यात लाल, लालमध्ये ऊन, आणि सगळीकडे तो वास. बागवानबाईने एक फळ हातात फिरवून दाखवलं: ओढायचं नाही, उचलून नुसतं वळवायचं, पिकलं असेल तर स्वतःच हातात येतं. आलं की हो! एवढ्या मोठ्या झाडाने एवढ्या हलक्या हाताने द्यावं याचं मला दिवसभर नवल वाटत राहिलं.

ढब्बू शिडीवर चढून "ते! ते वरचं!" करत होता. सरकारने झाडावरचं एकही तोडलं नाही. जमिनीवर पडलेली तेवढी वेचली.

"अगं, वर किती छान आहेत."

"मला खालचीच पाहिजेत."

मी मुद्दाम एक फांदी दाखवली, ती फांदीच्या शेजारी भलतीकडेच हात नेऊन उभी. बागवानबाई बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोकांदेखत असा विरोध करायचा म्हणजे काय!

पण एक लिहायला हवं. टोपलीतलं एक पडकं फळ घेऊन ती माझ्याकडे आली. "ऐका ना. याच्यावर चांदण्या आहेत." मला काही दिसेना. मी चष्मा कपाळावर सारून फळ डोळ्यांजवळ नेलं. लाल सालीवर खरंच बारीक पांढरे ठिपके, शेकडो, देठाजवळ दाट आणि खाली विरळ. चाळीस वर्षं सफरचंदं खाल्ली मी. एकदाही पाहिले नव्हते.

तेवढं अर्धं मिनिट आमची डोकी एकमेकींना लागली होती.

गुरुवार, १९ सप्टेंबर

शाळेतून बाईंनी बोलावलं. सरकार फळ्यावरचं चुकीचं उतरवून घेते, खिडकीबाहेर बघते, तास चालू असताना शेजारणीच्या वहीत डोकावते. "घरी काही ताण आहे का?" बाईंनी विचारलं. फार गोड बोलतात, म्हणून जास्त लागलं. मी म्हटलं, आहे. मीच तो ताण.

यांना सांगितलं. हे बुटाची नाडी सोडता सोडता म्हणाले, "अगं, वेळ लागेल तिला. तू फार मनावर घेतेस." मी म्हटलं, वेळ कुठाय? तर म्हणाले, "रविवारी माझी गाडी सव्वाअकराला दरीतल्या पुलावरून जाते. डोंगरावरून पूल समोर दिसतो. मुलांना घेऊन ये. मी दोन शिट्ट्या मारेन आणि हात काढेन. ते बघून खूश होईल."

कल्पना बेस्ट आहे. बाबांवर तिचा जीव आहे.

रविवार, २२ सप्टेंबर

आधी डोंगराचं लिहिते, कारण दुसरं लिहायला हात होत नाही.

वर पोचायला दीड तास. शेवटचं वळण घेतलं आणि समोर सगळी दरी उघडली. झाडांनी रंग बदलायला घेतलाय. एकेक झाड आपल्या मर्जीने: हे पिवळं, ते शेंदरी, मधलं एक अजून हट्टाने हिरवं, आणि लांब उतारावर सगळं मिळून पेटल्यासारखं. मी खाली बसले. पाय दुखत होते म्हणून नव्हे. इतकं सगळं रोज इथे चालू असतं आणि आपण त्यात नसतो, याची एकदम भीतीच वाटली. चांगली भीती.

सव्वाअकराला पुलावर गाडी आली. डबे मोजता मोजता ढब्बूचे आकडे संपले. इंजिनाच्या खिडकीतून एक हात बाहेर आला, रुमाल हलला आणि दोन शिट्ट्या झाल्या. दरीने त्या परत आमच्याकडे पाठवल्या.

"बाबा!" ढब्बू नाचायला लागला. मीही नाचले असेन.

सरकार शिट्टी ऐकून ताठ उभी राहिली. "कुठे?"

"ते बघ, पुलावर. लाल इंजिन. हात बघ बाबांचा!"

"कुठे?"

"अगं समोर! एवढी मोठी गाडी!"

तिने समोर बघितलं. डोळे बारीक, आठ्या. मग माझ्याकडे बघितलं, मग ढब्बूकडे. आणि ओरडली, "तुम्ही दोघं खोटारडे आहात!" पाठ फिरवून ती सरळ खाली चालायला लागली. हाक मारली तर थांबेना. ढब्बूला काखेत मारून मी तिच्यामागे धावले. बसमध्ये ती आमच्यापासून दोन बाकं पुढे बसली, काचेला कपाळ लावून.

सख्ख्या बापाचा हलणारा हातसुद्धा तिने बघायचा नाकारला, मी शेजारी होते म्हणून. एखाद्या लेकराला आपण इतके नकोसे असू शकतो हे मला माहीत नव्हतं.

सोमवार, २३ सप्टेंबर

आजींचा फोन. सरकारने त्यांना सांगितलंय, "ते दोघं खेळतात आणि मला घेत नाहीत."

आजी रागावल्या नाहीत. "लहानग्याचा लळा लवकर लागतो, होतं असं," म्हणाल्या. ढब्बूला मी जास्त जवळ घेत असेनही. तो येतो म्हणून घेते. ती येत नाही.

रविवार, २९ सप्टेंबर

पाऊस. कुठे गेलो नाही. खरं म्हणजे दुपारी उघडला होता. मीच नेलं नाही.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

सगळं नीट लिहायला हवं. एकही गोष्ट गाळायची नाही.

भिंतीला ओल आली म्हणून मालकांनी काल तपासणीच्या खोलीतला जुना तक्ता काढून नवा लावला. अक्षरं वेगळी, ओळी तेवढ्याच. आज दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी बाहेर काउंटरवर एका चष्म्याची दांडी बसवत होते आणि आत मुलांचं दुकान-दुकान चाललं होतं. ढब्बू गिऱ्हाईक, सरकार मी.

"बसा काका. वाचा."

"मला वाचता येत नाही, मी मोठ्या शिशूत आहे," काका म्हणाले.

"वाचायचं नसतं रे, म्हणायचं असतं. पाठ करून यायचं घरून. थांब, मी दाखवते." आणि खुर्चीच्या मागे उभी राहून, तोंड तक्त्याकडे, हाताची घडी घालून तिने म्हणायला सुरुवात केली. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. कुठे अडणं नाही. शेवटच्या ओळीला आली, "द, ल, ख, म, प."

नव्या तक्त्यावर शेवटच्या ओळीत त्यातलं एकही अक्षर नाही. ती म्हणत होती ते कुठल्याच ओळीत नव्हतं. ती जुना तक्ता वाचत होती. जो कालपासून मालकांच्या माळ्यावर आहे.

माझ्या हातातला चष्मा खाली पडला.

आत गेले. आवाज शक्य तितका साधा ठेवला. "सरकार, हे सगळ्यात वरचं मोठं अक्षर कोणतं गं?" तिने जुनंच सांगितलं. "दोन पावलं पुढे ये. आता?" तेच. अजून पुढे. अजून. तिच्या नाकापासून तक्ता हातभरावर आला तेव्हा ती थबकली. अजून जवळ गेली. बोट लावलं.

"अय्या. हे तर बदललंय!"

मी तिला डोळ्यांचा नंबर काढणाऱ्या मशीनवर बसवलं. जुलैमध्ये बसवलं नव्हतं. दारावरून आलेल्या परक्या माणसालासुद्धा मी आधी मशीनवर बसवते, मगच तक्ता. घरचं माणूस म्हणून गंमत केली, तक्त्यावर भागवलं आणि शाबास म्हटलं. मशीनने आकडा दिला तो मी तीनदा घेतला. दोन्ही डोळे, उणे तीनच्या पुढे.

म्हणजे हातभर अंतरापलीकडे या पोरीला काही नव्हतं. पक्षी नव्हते. फळं नव्हती. पूल नव्हता, बाबांचा हात नव्हता. डोळे बारीक करणं, वहीवर ओणवं होणं, फळ्यावरचं चुकणं... कुणी गिऱ्हाइकाने यातली एक गोष्ट सांगितली असती तर वाक्य पुरं व्हायच्या आत मी ओळखलं असतं. माझ्या घरात चार महिने चाललं होतं आणि मी त्याचा अर्थ काय लावला? की तिला मी आवडत नाही.

शनिवार, ५ ऑक्टोबर

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या आणि नीट तपासलं. नंबर तोच, बाकी डोळा निरोगी. "जन्मापासून नसेल, हळूहळू वाढला असेल," त्या म्हणाल्या. "अशा मुलांना कळतच नाही. त्यांना वाटतं सगळ्यांना असंच दिसतं."

मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "आई काय करतात?"

मी म्हटलं, डोळे तपासते.

बाई सभ्य आहेत. खाली बघून नंबर लिहायला लागल्या.

रविवार, ६ ऑक्टोबर

पाचवा रविवार. थेंबांमुळे सरकारला अजून उजेड सहन होत नाही, म्हणून पडदे ओढून घरात बसलो. हे नेहमीसारखे गाडीवर. ढब्बू दमून झोपला होता. मी तिला म्हटलं, माझं चुकलं. मला कळायला हवं होतं, ते माझं कामच आहे.

"काय चुकलं?"

"तुला लांबचं दिसत नाही हे मला कळलं नाही."

"लांबचं कुणालाच दिसत नाही ना?"

"दिसतं, बाळा."

"म्हणजे ते पक्षी..."

"होते. खरे होते."

"आणि बाबांचा हात?"

"तोही."

मग तिने जे सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत लिहिते. "मला वाटायचं, तुमचा आणि ढब्बूचा खेळ आहे. तुम्ही म्हणायचं ते बघ, आणि त्याने म्हणायचं हो हो, केवढे! मग तुम्ही दोघं हसायचं. मला कुणी खेळाचे नियमच सांगितले नाहीत. मी पण हो दिसले म्हटलं, पण तुम्ही मला किती होते ते विचारलंत. ते मला कसं माहीत असणार?"

मी तिला जवळ ओढलं नाही. ओढावंसं फार वाटलं, पण ती हिशेब लावत होती, एकेक रविवार आठवून, ओठ हलत होते. त्या अंधाऱ्या खोलीत बसून मी तिच्याकडे बघत राहिले. चार महिने ही पोर धुक्यात उभी होती, आणि तिथून हाक आली की इमानेइतबारे मान वर करून बघत होती. एकदाही बघितलं नाही असं झालं नाही. प्रत्येक वेळी तिने बघितलं होतं.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

काचा आल्या. मी त्या स्वतः घासल्या. सतरा वर्षांत हजारो घासल्या असतील, पण आज कड पुन्हापुन्हा जुळवून बघत होते. मालकांनी ते बघितलं आणि गल्लीभर ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात म्हणाले, "मी करू का?" मी नको म्हटलं.

फ्रेम तिने निवडली. पोपटी. मी सुचवलेली तपकिरी तिने हातातही घेतली नाही.

चष्मा तिला खोलीत नाही घातला. दुकानाच्या पायरीवर आणलं, कानांमागे दांड्या बसवल्या आणि बाजूला झाले.

समोर काय आहे, तर आपली रोजची गल्ली. शिंप्याचं दुकान, पाण्याची टाकी, एक झाड, तारा. तिने तारांपासून सुरुवात केली. "आकाशात रेघा आहेत." मग, "टाकीवर माणूस आहे!" खरंच होता, टाकी धुणारा. मग झाड. तिने एक हात वर केला आणि झाडाच्या दिशेने बोट दाखवत तशीच राहिली. तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होती. मी वाकून ऐकलं. मोजत होती. पानं मोजत होती.

"सगळी सुटी सुटी आहेत," ती म्हणाली. "प्रत्येक वेगळं हलतंय. हे नेहमी असतं?"

"नेहमी असतं."

"आणि सगळे लोक असेच खालून चालत जातात?"

शिंपी हातातली कात्री घेऊन दारात आला होता, दोघं जण सायकल धरून थांबले होते, आणि एक मुलगी झाड बघतेय हे आम्ही सगळे बघत होतो. मीही बघितलं ते झाड. त्याच्याखालून मी सतरा वर्षं कामाला आलेय. अर्धं पिवळं झालंय, आणि खरंच, प्रत्येक पान वेगळं हलतं.

मग ती वळली आणि माझ्याकडे बघितलं. मी चार पावलांवर उभी होते.

"तुम्ही हसताय," ती म्हणाली.

"हो."

"जेवताना समोर बसता तेव्हा पण हसता?"

"बहुतेक वेळा. तुझ्याकडे बघून."

तिने चष्मा काढला. माझ्याकडे बघितलं. परत घातला आणि परत बघितलं. तीन वेळा. मी चार पावलांवर तशीच उभी, हसू काही केल्या आवरेना आणि डोळ्यांतून धारा.

शनिवार, १२ ऑक्टोबर

आजी आल्या. बरोबर एक मोठी रिकामी बॅग आणलीय, कपडे भरून न्यायला. पलंगाशेजारी उभी करून ठेवलीय. मी चष्म्याचं सगळं सांगितलं, जुलैच्या शाबासकीसकट. आजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "चार वर्षं माझ्याकडे होती हो. मलाही कळलं नाही." आणि डोळ्यांना पदर लावला. त्यानंतर आम्ही दोघींनी मिळून बटाटे सोलले.

पण बॅग आहे तिथेच आहे. विचारणार त्या विचारणारच. विचारायलाच हवं.

रविवार, १३ ऑक्टोबर

सकाळी चहाच्या वेळी सगळे टेबलाशी. यांनी आज रजा घेतली होती. आजींनी कप खाली ठेवला.

"बाळ, खरं सांग. कुणाला वाईट वाटेल म्हणून नको. तुला इथे राहायचं की माझ्याकडे यायचं?"

यांनी माझ्याकडे बघितलं. मी साखरेच्या डब्याचं झाकण लावत होते, ते लागेना.

सरकारने चष्मा नाकावर वर सरकवला. आता ही सवय लागलीय. "ऐका ना," मला म्हणाली. "तळ्यावरचे पक्षी अजून आहेत?"

"थोडे असतील. थंडी वाढली की पुढे जातात."

"आणि सफरचंदं?"

"बाग संपली गं. मागच्या आठवड्यात शेवटची काढली."

"परत कधी?"

"पुढच्या सप्टेंबरमध्ये."

तिने मान डोलावली. मग आजींकडे वळून, सगळ्यांनी नीट ऐकावं अशा आवाजात म्हणाली, "आजी, माझे सगळे रविवार वाया गेलेत. मी काहीच बघितलेलं नाही. ते धरायचे नाहीत. सगळे पहिल्यापासून परत करायचे. डोंगराचा आज होईल, पण पक्ष्यांचा आणि बागेचा पुढच्या वर्षीशिवाय होत नाही. म्हणून मला इथे राहायला लागणार आहे."

"आणि पुढच्या वर्षी सगळं बघून झाल्यावर?" आजींनी विचारलं.

ती आजींकडे बघत राहिली. अशा माणसाला काय समजवायचं, अशा नजरेने.

"आजी, झाडाला किती पानं असतात तुला माहीत आहे का? एका वर्षात कसं होईल?"

हे उठून खिडकीशी गेले आणि उगाच पडदा नीट करत बसले. माझ्या हातून साखर सांडली. ढब्बूने ती बोटाने टिपून खाल्ली.

शेवटी आजी म्हणाल्या, "डोंगराला चप्पल चालते का हो?"

चालत नाही. माझे जुने बूट दिले. आजींना ते बोटभर सैल झाले, म्हणून आत दोन मोजे घातले. नाड्या सरकारने बांधल्या, पायाशी बसून, पण पाठ ताठ ठेवून, नाक न टेकवता, आणि दोन्ही गाठी घट्ट बसल्या.